सातवीच्या पटावरचं शेवटचं नाव

शंभुलिंग बिराजदार लबाड माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं ऐकून लोक त्याला दोन शिव्या हासडतील आणि मोकळे होतील. लबाड माणसापासून आपण सावध तरी राहतो. शंभुलिंगपासून सावध राहायचं कुणाच्या डोक्यातही येत नसे, आणि घात झाला तो तिथंच.

लोहारा तालुक्यातल्या एका गावात पाचवी ते दहावीचं अनुदानित हायस्कूल आहे. तिथं तो एकोणीस वर्षं लिपिक. त्याआधी सात वर्षं त्याच शाळेत शिपाई. घंटा वाजवता वाजवता त्यानं बाहेरून बी.ए. केलं, टायपिंग शिकला आणि मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून असलेल्या चिंचोळ्या खोलीत खुर्ची टाकून बसला. कपाळावर विभूतीचे पट्टे, खिशाला दोन पेनं, टेबलावर कॉम्प्युटर आणि पाठीमागे लाल कापडात बांधलेली जुनी रजिस्टरं. गाव त्याला शंभुअण्णा म्हणायचं. कुणाला बोनाफाईड हवं असायचं, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी आजोबाच्या नोंदीचा उतारा हवा असायचा. शंभुअण्णा जेवणावरून उठून यायचा. नकार त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता आणि या गोष्टीचा त्याला भारी अभिमान होता.

हा अभिमान हळूहळू वाढत वाढत भलतीकडेच गेला. दहावीची परीक्षा तोंडावर आली की बाहेरगावच्या क्लासवाल्यांची माणसं यायची. पोरांची नावं, बापाचा मोबाईल, नववीचे मार्क, एवढंच पाहिजे म्हणायची. एवढंच वेगळं काढत बसायचा शंभुलिंगला कंटाळा. तो अख्खी यादी पेनड्राइव्हवर टाकून द्यायचा, जन्मतारीख, जात, आधार नंबर, आईचं नाव, सगळं. गणवेशवाला यायचा, फोटोवाला यायचा, विम्याचा माणूस यायचा. प्रत्येकाला यादी मिळायची आणि बदल्यात एक कप चहा. वर लाच म्हणून कधी एक पैसा घेतला नाही असं तो छाती ठोकून सांगायचा. घेतला असता तर निदान चार वेळा विचार तरी केला असता.

एका वर्षी दहावीतल्या तीन मुलींना अनोळखी नंबरांवरून रोज घाणेरडे मेसेज यायला लागले. एकीचा बाप ऑफिसात आला आणि नंबर बाहेर गेला कसा म्हणून विचारू लागला. शंभुलिंगनं त्याला बसवलं, चहा पाजला, आजकाल कुणाचा नंबर कुणाकडं नसतो असं समजावलं. बाप चहा पिऊन गेला. त्याच्या मुलीनं त्या वर्षी शाळा सोडली. रजिस्टरात ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्यात शंभुलिंगनं ‘घरगुती’ असं लिहिलं आणि पान उलटलं.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. दुपारी सगळे वर्गावर गेल्याचं बघून एक बाई ऑफिसच्या दारात उभी राहिली. सोबत बारा वर्षांची मुलगी. बाईचं नाव महानंदा, मुलीचं शिवांजली. उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून तिचं सासर होतं. गावातल्या शांताक्काकडं ती पोरीला घेऊन राहायला आली होती. शांताक्का म्हणजे तिच्या आईची लांबची मावसबहीण. तिचं घर नवऱ्याला ठाऊक नव्हतं, म्हणूनच ते निवडलं होतं.

महानंदानं काही झाकून ठेवलं नाही. नवऱ्यानं, विरेशनं, शिवांजलीचं लग्न आपल्या बहिणीच्या मुलाशी ठरवलं होतं. तो सव्वीस वर्षांचा. सुपारी फुटली होती, दिवाळीनंतरची तारीख निघाली होती. महानंदा आडवी आली तर तिला गोठ्यात कोंडून मारलं. गावात दाद मागितली तर तिलाच समजावून माघारी घरात नेऊन सोडलं. मग एका पहाटे ती पोरीला घेऊन निघाली. आधी एसटी, पुढं वडाप जीप, असं करत इथवर आली.

“अण्णा, हिच्या जुन्या साळंला काय बी कळवू नका,” ती म्हणाली. “दाखला मागवू नका. आमी कुठं हाव ते कळलं की लोक येत्याल आन हिला उचलून नेत्याल.”

शंभुलिंगचं मन भरून आलं. त्याला स्वतःला मुलगी होती, नुकतीच नांदायला गेलेली. आठवीपर्यंत दाखल्यावाचून मूल वर्गात बसवता येतं, तसा कायदाच आहे, असं त्यानं तिला समजावलं.

“कागद या खोलीच्या भाईर जानार न्हाय, ताई,” तो म्हणाला. “माझा शब्द हाय.”

त्यानं स्वतःच्या हातानं प्रवेश अर्ज भरला. मुलीचं नाव, जन्मतारीख, आधार नंबर, आईचा मोबाईल, आणि पत्ता: पाण्याच्या टाकीमागे, शांताक्काचे घर. आधार नंबर कशाला पाहिजे म्हणून महानंदा घुटमळली होती. पण अर्जातला एखादा रकाना रिकामा राहिला की शंभुलिंगला जेवण गोड लागत नसे. आपल्यातच राहतंय म्हणत त्यानं तोही लिहून घेतला. सातवीच्या हजेरीपटावर सगळ्यात खाली पेन्सिलीनं नाव टाकलं, कॉम्प्युटरवर मात्र चढवलं नाही. जून, जुलै, ऑगस्ट, तीन महिने त्यानं शब्द पाळला, हेही त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

शिवांजली रोज सकाळी वर्गाचा हजेरीपट न्यायला ऑफिसात यायची. हे काम विज्ञानाच्या गायत्री बाईंनी तिच्याकडं दिलं होतं. जाता जाता ती पट उघडून आपलं नाव बघायची. एकदा तिनं विचारलं होतं, सगळ्यांची नावं पेनानं आणि माझंच पेन्सिलीनं का. शंभुलिंगनं हसून वेळ मारून नेली होती. दुसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, पण बघायची मात्र रोज.

सप्टेंबर उजाडला आणि शाळेची झोप उडाली. तीस तारखेला कॉम्प्युटरवर जेवढी मुलं दिसतील त्यावर पुढच्या वर्षी शाळेला किती शिक्षक ठेवायचे ते ठरतं. मूल वर्गात बसलेलं असून भागत नाही. त्याचा आधार जुळला पाहिजे, जुन्या शाळेच्या खात्यातून त्याचं नाव आपल्या खात्यात आलं पाहिजे, तरच ते मूल म्हणून मोजलं जातं. ज्या पोरांचे अंगठे जुळत नव्हते त्यांना शंभुलिंग, आसपासच्या सगळ्या शाळांसारखंच, जीप करून लोहाऱ्याला आधार केंद्रावर पाठवत होता. कधी सकाळी, कधी शाळा सुटल्यावर. शंभुअण्णानं पाठवलंय म्हटलं की आया बिनघोर पोरं जीपमध्ये बसवून द्यायच्या.

सव्वीस तारखेला हिशेब लागला. एक मूल कमी पडत होतं. एकच. आणि त्या एकापायी गायत्री बाई अतिरिक्त ठरणार होत्या. लेकरू अंगावरचं, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि बाईंना जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला कुठं पाठवतील याचा नेम नव्हता. बाई ऑफिसच्या बाकावर बसून पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. तेच शंभुलिंगला बघवेना.

मुख्याध्यापक उत्तरेश्वर सर पट चाळत होते. शेवटच्या नावावर त्यांचं बोट थांबलं. ही मुलगी रोज येते ना, मग कॉम्प्युटरवर का नाही, त्यांनी विचारलं. शंभुलिंगनं आवाज खाली आणून सगळं सांगितलं.

सरांनी चष्मा काढला. “अहो, शाळेकडून शाळेकडं जाणारी माहिती ही. सरकारी खात्यातली. आपण काय गावात दवंडी पिटतोय का?”

शंभुलिंगला हे पटलं. खरं सांगायचं तर त्याला ते पटवूनच घ्यायचं होतं. गायत्री बाई वाचतील, पोरीचंही नाव पेनानं लिहिलं जाईल, वाईट कुणाचंच होत नाही, असा त्यानं मनाशी मेळ घातला. नव्या शाळेनं मुलाची मागणी टाकायची आणि जुन्या शाळेनं ती मान्य करायची, अशी कॉम्प्युटरवरची रीत आहे. त्या मागणीत कुठलं गाव, कुठली शाळा, कुठला वर्ग हे आपोआप जातं. एकोणीस वर्षं लिपिकाचं काम करणाऱ्या माणसाला ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्यानं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिवांजलीच्या जुन्या शाळेतल्या बिराप्पाचा मेसेज आला. बिराप्पाही लिपिकच. उमरग्याला ट्रेनिंगमध्ये दोघांनी एका डब्यात जेवण केलं होतं. पोरीचं नाव नीट जुळत नाही, प्रवेश अर्जाचा फोटो टाका, असं त्यानं लिहिलं होतं. लिपिक लोक एकमेकांना असे फोटो दिवसातून दहा टाकतात. शंभुलिंगनं फाईल काढली, अर्ज टेबलावर पसरला, उजेडात नीट सरळ धरला आणि पाठवून दिला. पंधरा मिनिटांत मागणी मान्य झाली. एरवी दुसऱ्या शाळा पंधरा पंधरा दिवस झुलवत ठेवतात. शंभुलिंग खूश झाला आणि पेन काढून त्यानं शिवांजलीचं नाव शाईनं गिरवलं.

अठ्ठावीसच्या संध्याकाळी तो घरी चहा पीत असताना बिराप्पाचा फोन आला. बिराप्पाचा आवाज आनंदानं फुललेला होता.

“अण्णा, लई पुण्याचं काम झालं बगा तुमच्या हातनं. त्या पोरीचा बाप तीन म्हैने झालं आमच्या हापिसात खेटे घालत व्हता. रडायचा वो. काल त्येला तुमचा फॉर्म दावला. मोबाईलमदी फोटू घेतला त्येनं आन माज्या पायाच पडला.”

शंभुलिंगनं कप खाली ठेवला. “त्येला दिला तुमी?”

“बाप हाय की त्यो. बापाला न्हाय तर कुनाला द्यायचा?”

शंभुलिंगच्या दारात एखादा बाप येऊन रडला असता तर त्यानं हेच केलं असतं, वर चहाही पाजला असता. त्यानं फोन ठेवला. बायकोनं काय झालं म्हणून विचारलं तर शाळेचं काम एवढंच म्हणाला.

पाण्याच्या टाकीमागचं ते घर त्याच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. त्याच पावली जाऊन महानंदाला सांगायला हवं होतं. तो उठला, चप्पल घातली, दारापर्यंत गेला आणि परत आत आला. काय तोंडानं सांगायचं? शब्द दिला होता. आणि दुसरं एक कारण होतं, जे त्यानं स्वतःशीही मोठ्यानं उच्चारलं नाही. आज सांगितलं तर महानंदा पोरीला घेऊन रातोरात निघून जाईल. मूल शाळेत नाही म्हटल्यावर तीस तारखेच्या यादीत ते दाखवायचं कसं, आणि मग गायत्री बाईंचं काय? दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. यादी एकदा पक्की झाली की लगेच जाऊन सांगू. बाप काय लगेच पंख लावून येणार आहे का? अशी त्यानं स्वतःची समजूत घातली, आणि ही समजूत त्याला जन्मभर पुरणार होती.

एकोणतीस तारखेला त्याचं लक्ष कामात नव्हतं. रस्त्यावर गाडी थांबली की तो खिडकीशी जायचा. शिवांजली नेहमीप्रमाणं हजेरीपट न्यायला आली. तिनं पट उघडला आणि आपल्या नावावर बोट ठेवलं. शाई होती. ती हसली आणि म्हणाली, “अण्णा, आता पक्कं झालं न्हव?” शंभुलिंगनं मान वर केली नाही, नुसतं हूं म्हटलं. तिनं पट छातीशी धरला आणि ती पळत वर्गाकडं गेली.

दुपारी ऑफिसचा फोन वाजला. पलीकडचा आवाज मऊ, अदबीचा. शाळा किती वाजता सुटती, असं त्यानं विचारलं. “पाच वाजता,” शंभुलिंग बोलून गेला. कोण बोलतंय हे विचारायचं त्याला सुचेपर्यंत फोन बंद झाला होता. असेल कुणा पोराचा पालक. त्यानं शिपायाला बोलावून फाटक लावून घ्यायला सांगितलं, अनोळखी माणूस दिसला तर आत सोडू नको म्हणाला. पाच वाजता पोरं सुटली तेव्हा तो स्वतः फाटकाशी उभा राहिला. शिवांजली मैत्रिणींच्या घोळक्यात टाकीच्या दिशेनं वळेपर्यंत बघत राहिला. कुणी आलं नाही. त्याला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना त्यानं अजून जन्मालाही न आलेल्या नातवंडासाठी म्हणून एक खुळखुळा विकत घेतला.

तीस तारखेला सकाळपासून सरकारी पोर्टल रेंगाळत होतं. सगळ्या जिल्ह्याच्या शाळा एकदमच त्याच्यावर तुटून पडलेल्या. पाच वाजता घंटा झाली, पोरं गेली, शंभुलिंगला खुर्चीवरून हलता आलं नाही. अखेर सहाला यादी पक्की झाली. उत्तरेश्वर सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. गायत्री बाईंच्या डोळ्यात पाणी आलं, अण्णा तुमचे उपकार कसे फेडू म्हणाल्या. शंभुलिंगनं ते ऐकून घेतलं आणि मोटारसायकल काढली. आता सांगायचं. काय वाटेल ते बोलू दे, शिव्या घालू दे, पण आजच्या आज सांगायचं. त्यांना लातूरला कुणा ओळखीच्याकडं पोचवायचं, असंही त्यानं वाटेत ठरवून टाकलं.

दिवस मावळायला आला होता. शांताक्का उंबऱ्यात सूप घेऊन मूग पाखडत बसली होती. मोटारसायकल बघून तिनं सूप खाली ठेवलं.

“आलाव व्हय अण्णा? झालं का पोरीचं काम?”

“कसलं काम?”

“अंगठ्याचं की. लोहाऱ्याला.” शांताक्कानं त्याच्या मागं बघितलं. “जीप कुठं ऱ्हायली? तुमीच धाडली न्हव जीप?”

शंभुलिंगनं मोटारसायकल बंद केली. शांताक्का सांगत होती. पोरगी शाळेतून आली, भाकरी खाऊन बसली होती. तेवढ्यात जीप आली. एक माणूस होता आणि एक बाई, बोलायला अगदी मास्तरणीसारखी. शंभुअण्णानं पाठवलंय म्हणाले. त्यांच्या मोबाईलमध्ये शाळेचा कागद होता, पोरीचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव, आधारचा सगळा नंबर त्यांनी वाचून दाखवला. एक अक्षर चुकलं नाही. महानंदा सोयाबीन काढायला रानात गेलेली.

“पोरगी म्हनली, अण्णा सवता हायती का जीपमदी. त्यो मानूस म्हनला, अण्णा तिथं वाट बगत बसल्यात. मग मीच म्हनलं, जा बाई, अण्णाचं काम हाय. साळंबिगर एवढं समदं कुनाला ठावं असतंय?”

किती वेळ झाला, असं शंभुलिंगनं विचारलं. अर्धा तास झाला असंल, शांताक्का म्हणाली, आणि मग त्याचा चेहरा बघून ती उठून उभी राहिली.

रानातून बायकांचा घोळका येत होता. महानंदा पुढं होती, डोक्यावर फडकं, हातात विळा. शंभुअण्णाला दारात बघून तिनं फडकं सारखं केलं आणि ती थबकली. शंभुलिंगनं तिला सगळं सांगितलं. मागणी टाकल्याचं, फोटो पाठवल्याचं, दोन दिवस गप्प बसल्याचंही. ऐकून झाल्यावर ती अंगणात होती तिथंच खाली बसली. विळा तिच्या हातातून सुटत नव्हता, शेजारच्या बाईनं बोटं उकलून तो काढून घेतला. तिनं शिवी दिली असती तर शंभुलिंगला बरं वाटलं असतं. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

त्यानं पोलिसांना फोन लावला. फोनवरचा हवालदार भला होता. उमरग्याच्या रस्त्याला आणि हायवेला लगेच गाड्या अडवायला सांगतो म्हणाला, पण माहिती द्या, भराभर द्या. शंभुलिंगनं नाव सांगितलं. वय, जन्मतारीख, बापाचं नाव, गाव, सगळं न अडखळता सांगितलं. हवालदार लिहून घेत होता.

“अंगावर कपडे काय आहेत मुलीच्या?”

शंभुलिंगनं महानंदाकडं बघितलं, पण तिला कुठलं माहीत असणार? हवालदारानं पुन्हा विचारलं. तेव्हा उंबऱ्यातून शांताक्का बोलली, कुणाकडंही न बघता.

“घरात आली तवा फराक घातला व्हता. जीपवाल्यानं साळंचं काम हाय म्हनल्यावर परत साळंचा डिरेस घातला तिनं. येन्या बी सोडून नीट घालून घेतल्या माज्याकडनं.”

शंभुलिंगनं तेही फोनवर सांगितलं.